सातव्या पिढीकडून शिरसाष्टांग नमस्कार

राजमान्य राजेश्री सुसंगतता तपासनीस साहेब, मुक्काम पोस्ट पडद्याचा मध्यभाग, यांचे सेवेशी दिल्लीहून कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपल्याला नाव नाही, चेहरा नाही. आहे ती एक छोटीशी चौकट. माणूस एखादा प्रोग्रॅम उघडायला जातो आणि आपण अदबीने मध्ये येऊन उभे राहता: ‘हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. तुमच्या पीसीसाठी योग्य आवृत्ती हवी असल्यास सॉफ्टवेअरच्या प्रकाशकाला विचारा.’ खाली एकच बटण, ‘बंद करा’. या शहरात नुसता नकार मिळवायचा तरी आधी पास काढावा लागतो, गेटवर मोबाइल जमा करावा लागतो, आणि वर पोचल्यावर कळते की साहेब ‘मीटिंग में हैं’. आपण तोच नकार घरपोच देता, तोही रविवारी. उपकार थोर आहेत.

मुहूर्त साधावा तर आपणच. १४ ऑक्टोबर २०२५ हा विंडोज १० च्या फुकट सुरक्षा-अपडेटांचा शेवटचा दिवस, आणि त्याच आठवड्याच्या शेवटी धनत्रयोदशी. दिल्लीत त्या दिवसांत घरोघर ‘दिवाली की सफाई’ चालू असते. माळ्यावरचे डबे निघतात, मोडक्या खुर्च्या निघतात, गल्लीत कबाडीवाला आरोळी ठोकत फिरतो. त्याला द्यायच्या वस्तूंच्या यादीत टेबलावरचा चालता-बोलता संगणकही बसतो, हे आमच्यासारख्या मंदबुद्धींना कधी सुचले नसते. आपण सुचवलेत.

आणि विंडोज ११ साठीच्या आपल्या अटी किती सुटसुटीत! टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, सिक्युअर बूट हवे, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. त्यामुळे त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुणी ऐपतीबाहेर जाऊन घेतलेला आय-सेव्हन आज नापास, आणि चार जीबी रॅमवर धापा टाकणारा एन४००० जातीचा सेलेरॉन पहिल्या फटक्यात पास. गुणवत्तेपेक्षा जन्मतारीख मोठी, हे तत्त्व आपण इतक्या निर्भीडपणे राबवलेत की सरकारी नोकरभरतीवाल्यांनी आपल्याकडे शिकवणी लावावी.

आम्हा दिल्लीकरांना या तत्त्वाची थोडी सवय आहे म्हणा. राजधानी क्षेत्रात डिझेलची गाडी दहा वर्षांची आणि पेट्रोलची पंधरा वर्षांची झाली की ती बाद ठरायची. हरित लवादाने हे २०१५ मध्ये सांगितले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. गाडी किती धूर सोडते हा प्रश्न दुय्यम, जन्मसाल काय ते बोला. पण साहेब, तिथेही गंमत झाली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर तेल द्यायचे नाही असा हुकूम निघाला, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे बसले, आणि दोन-तीन दिवसांतच दिल्ली सरकारने स्वतः हात जोडून तो हुकूम थांबवायची विनंती केली. लोकांनी आरडाओरडा केला होता ना! आपल्यापुढे आरडाओरडा करायचा तर तोंड कुठे करायचे, तेवढेच कळत नाही. चौकटीला कान कुठे असतात ते कृपया कळवावे.

बरे, कारणे विचारून साहेबांना त्रास देऊ नये, हेही आपणच शिकवलेत. जून २०२१ मध्ये विंडोज ११ ची घोषणा झाली तेव्हा मायक्रोसॉफ्टने ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचे एक छोटे साधन दिले. ते चालवले की संगणक पात्र आहे की नाही ते समजे. नसेल तर का नाही, ते मात्र समजत नसे. लोक इतके वैतागले की कंपनीला ते साधन काही दिवसांतच मागे घ्यावे लागले आणि पुढे कारणांसकट पुन्हा आणावे लागले. आरोग्यतपासणीत ‘तुम्ही नापास’ एवढेच सांगून रोग्याला घरी पाठवणारा डॉक्टर जगाने प्रथमच पाहिला असेल. आमच्याकडे निदान एक गोळी तरी लिहून देतात.

मात्र आपल्या काळजात माया नाही असे जो म्हणेल त्याची जीभ झडो. त्याच साली, ऑगस्ट महिन्यात, आपण पात्र प्रोसेसरांची यादी थोडी वाढवलीत. काही महागड्या वर्कस्टेशनांच्या चिपा आत आल्या, आणि त्या सोडल्या तर सातव्या पिढीतून एकच जण आत आला: कोअर आय-सेव्हन ७८२०एचक्यू. योगायोग असा की कंपनीच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या भारी किमतीच्या यंत्रात नेमकी हीच चिप होती. सातवी पिढी सरसकट असुरक्षित, पण घरचे पोर तेवढे गुणाचे! आम्हाला यात गैर काही वाटत नाही, साहेब. दिल्लीत राहतो. ओळख असली की फाइल सरकते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त हे शास्त्र अमेरिकेपर्यंत पोचले याचा अभिमान वाटला.

आपला दुसरा गुण विनोदबुद्धी. पुढच्या दाराशी आपण काठी घेऊन उभे, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात कंपनीने स्वतःच्याच संकेतस्थळावर मागच्या दाराचा पत्ता छापला: रजिस्ट्रीत अमुक नोंद करा, म्हणजे तपासणी ओलांडून विंडोज ११ बसवता येईल, मात्र पुढची अपडेट मिळतीलच असे नाही. नेहरू प्लेसच्या संगणक-बाजारातली पहिल्या मजल्यावरची पोरे हे काम पेनड्राइव्ह आणि रुफस नावाच्या फुकट साधनाने चहा निवेपर्यंत उरकतात. ‘भैया, सेवन्थ जेन है? कोई टेंशन नहीं, डल जाएगा.’ ते ‘डालतात’ आणि चालते. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने निक्षून सांगितले की टीपीएमच्या अटीवर तडजोड नाही. नेहरू प्लेसच्या पोरांनी ते वाचले की नाही, कल्पना नाही. त्यांना गिऱ्हाईक होते.

गैरसमज नसावा. काही जुन्या यंत्रांना नवी आवृत्ती खरोखरच झेपत नाही. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती प्रोसेसरच्या ज्या एका आज्ञेवाचून उठतच नाही, ती आज्ञाच ज्यांच्या चिपेत नाही त्यांनी कुणाशी भांडावे? तिथे निसर्गनियम आहे. आमची भक्ती आपल्या दुसऱ्या नकारांवर आहे, जिथे यंत्र ‘जमेल’ म्हणते आणि आपण ‘चालणार नाही’ म्हणता.

कारण जमवून घेणे म्हणजे काय, हे जगाला आपल्याच घराण्याने शिकवले. तो इतिहास आपण विसरला असाल, मोठ्या माणसांना कामे फार. म्हणून नम्रपणे आठवण करून देतो.

सिमसिटी नावाचा एक खेळ होता. त्यात एक घोडचूक होती: परत केलेली मेमरी तो पुन्हा वाचायचा. डॉसवर ते खपून जायचे, विंडोजवर खेळ कोसळला असता. मग विंडोज ९५ च्या मंडळींनी काय केले? खेळ बनवणाऱ्याला ‘प्रकाशकाशी संपर्क साधा’ म्हणून चौकट पाठवली? नाही. त्यांनी आपल्या प्रणालीतच खास सोय केली की सिमसिटी चालू असेल तर परत आलेली मेमरी लगेच दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. चूक दुसऱ्याची, सांभाळून घेणारे हे. असे पूर्वज लाभणे हे भाग्य, आणि त्यांचे कुलदीपक आपण!

किंवा कुठल्याही विंडोजवर ‘कॉन’ नावाचे फोल्डर इंग्रजी अक्षरांत करून पाहा. होत नाही. डॉसच्या काळी हे नाव कीबोर्ड आणि पडद्यासाठी राखून ठेवलेले होते. तो डॉस गेला, ते टर्मिनल गेले, पण राखीव नाव आजतागायत सोडलेले नाही, कारण कुठल्या तरी कोपऱ्यातला एखादा जुना प्रोग्रॅम अजून त्यावर विसंबून असेल! ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ६४ बिटांच्या फायली ‘सिस्टम ३२’ या फोल्डरात राहतात आणि ३२ बिटांच्या फायली ज्या फोल्डरात राहतात त्याच्या नावात ६४ आहे. पाट्या अशा उलट्यापालट्या का? तर जुन्या प्रोग्रॅमांना ‘सिस्टम ३२’ हाच पत्ता तोंडपाठ होता, त्यांची वणवण नको म्हणून. केवढी ही माणुसकी, तीही प्रोग्रॅमांबाबत!

आणि खोटे बोलण्यातली आपली सफाई तर काय वर्णावी. जुन्या प्रोग्रॅमने विचारले, ‘ही कितवी आवृत्ती?’ तर विंडोज ८.१ पासून प्रणाली त्याला सरळ जुना आकडा सांगते, म्हणजे तो बिचकत नाही. विंडोज ७ चा आतला आकडा ६.१ होता. आज ज्याला आपण मिरवत विंडोज ११ म्हणता त्याचा आतला आकडा अजून १०.० आहे. म्हणजे सातव्या पिढीच्या दारात येऊन ‘मी अकरावा, तुला झेपणार नाही’ म्हणणारा हा गृहस्थ स्वतःच्या आधारकार्डावर दहावाच आहे. प्रोग्रॅमशी इतके गोड खोटे बोलणारी जीभ आमच्या वाट्याला आली की अचानक सत्यनिष्ठ कशी होते, तेवढे एक कोडे उलगडले तर बरे.

सुरक्षेसाठी हे सारे, असे आपण म्हणाल. मान्य. सुरक्षेपुढे कोण बोलणार? विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, तेव्हाही असाच निर्वाणीचा सूर होता. मग मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले, आणि तीन वर्षांपूर्वी ज्याचे तेरावे उरकले होते त्या एक्सपीसाठी कंपनीने फुकट पॅच काढला. प्रेत उठून बसले की हो! इथल्या बँकांची तर आणखी मजा. त्यांची एटीएमे एक्सपीवरच ठुमकत होती. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये फर्मान काढले की टप्प्याटप्प्याने जून २०१९ पर्यंत ती सगळी बदला. म्हणजे आधार संपल्यावर वर पाच वर्षे. बँकांचा पैसा जोखमीचा नसावा. आमच्या मुलांचे गृहपाठ फार जोखमीचे.

आता जरा चावडी बाजारात चला साहेब. मेट्रोतून उतरलात की वर कागदाची आणि लग्नपत्रिकांची दुकाने. एखाद्या घाऊक दुकानाच्या गल्ल्यामागे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे दिसतील. तो फॉक्सप्रोत लिहिलेला डॉसचा बिलिंग प्रोग्रॅम. मुनीमजी माऊसला हात लावत नाहीत. गिऱ्हाइकाच्या नावाची तीन अक्षरे, एंटर, मालाचा कोड, एंटर, नग, एंटर. आणि शेजारचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकर करत कार्बनच्या तीन प्रती काढतो: पांढरी गिऱ्हाइकाला, गुलाबी ट्रान्सपोर्टला, पिवळी गल्ल्यात. नवीन सॉफ्टवेअरचा गोल फिरणारा ठिपका थांबेपर्यंत इथे बिल फाडून हमालाच्या हातात गेलेले असते.

हा प्रोग्रॅम १६ बिटांचा. १६ बिटांचे प्रोग्रॅम ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच नाही. विंडोज १० ची होती. म्हणजे आतापर्यंत एक खिडकी किलकिली होती, तीही आपण प्रेमाने लावून घेतलीत, वारा लागू नये म्हणून. प्रिंटर ज्या रुंद पोर्टाला जोडायचा तो नव्या यंत्रांना नसतोच, आणि प्रोग्रॅम तर थेट त्या पोर्टालाच हाक मारतो. मग कुणी जाणता येतो, डॉसबॉक्स बसवतो, पोर्टाची हाक यूएसबीकडे वळवायची काही खटपट करतो, आणि बिले पुन्हा फाटू लागतात. फक्त समासाची ओळ एक बोट सरकलेली असते. ‘प्रकाशकाला विचारा’ म्हणता ना? विचारू की. ज्या पोराने पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तो प्रोग्रॅम लिहून दिला त्याने कधीच कॅनडा गाठला असेल, नाही तर ग्रेटर नोएडात प्लॉट विकत असेल. त्याचा पत्ता आपल्याकडे असल्यास चौकटीत छापावा.

कायदाही आपल्याइतकाच रसिक आहे. जीएसटीचा कायदा सांगतो, हिशेबाच्या वह्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपा. कंपनी कायदा सांगतो, आठ आर्थिक वर्षे जपा. व्यापारी बिचारा जपतो. तपासणी आली आणि त्या फायली नव्या यंत्रावर उघडल्या नाहीत, तर अधिकारी त्याला विचारणार, आपल्याला नाही. सरकारने जपायला सांगितले, आपण उघडायला नकार दिलात, आणि दंड भरायचा तो मधल्याने. कामाची किती सुंदर वाटणी!

लक्ष्मीनगरकडे वळलो तर तिथे सीएंच्या क्लासांच्या पाट्यांखाली आणखी एक देवस्थान आढळते. एखाद्या कार्यालयाच्या कपाटात एक विंडोज ७ चा लॅपटॉप असतो, त्यावर चिकटपट्टी: ‘अपडेट मत करना.’ तो फक्त डिजिटल सहीसाठी बाहेर काढतात. कुठल्या तरी पोर्टलला (नाव घेत नाही, शेवटी सहीला तिथेच जायचे आहे) जावाची एक विशिष्ट जुनी आवृत्ती लागते, टोकनचा एक विशिष्ट ड्रायव्हर लागतो, आणि ब्राउझरही असा, की जो १५ जून २०२२ ला निवृत्त झाला आणि आता एजच्या पोटात ‘आयई मोड’ या नावाने पेन्शन खातो. मुदतीच्या शेवटच्या रात्री त्या लॅपटॉपला जो मान मिळतो तो कार्यालयाच्या थोरल्या भागीदारालाही मिळत नाही. कुणी शिकाऊ पोराने चुकून वायफाय लावले तर सगळे ऑफिस ओरडते. हे पावित्र्य आपण निर्माण केलेत, साहेब. देव नसलेल्यांच्या घरी देव आणलात.

आम्हा मराठी मंडळींवर तर आपला विशेष लोभ. एक्सपीत देवनागरी हवी असेल तर कंट्रोल पॅनेलात जाऊन ‘गुंतागुंतीच्या लिपी’ अशा अर्थाच्या चौकोनात खूण करावी लागे आणि मग प्रणाली हात पुढे करून विंडोजची मूळ सीडी मागे. ती सीडी दिल्लीत कुणाकडे असायची, हा प्रश्न विचारू नये. मराठी माणूस गुंतागुंतीचा आहे हे आपण इतक्या लवकर ओळखलेत, याचे तेव्हा कौतुक वाटले होते. विंडोज १० आल्यावर ‘मंगल’ हा टंकही ऐच्छिक झाला. हिंदी वा मराठी भाषा जोडली नसेल तर तो घरी येतच नाही, आणि मंगलमध्ये नीट मांडलेला दोन पानी अर्ज दुसऱ्याच्या यंत्रावर वेगळ्या टंकात अवघडून बसतो, सहीची ओळ तिसऱ्या पानावर ढकलून.

त्या एक्सपीची एक लीला तर अमर आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले २००८ साली. एक्सपी २००१ ची. तिच्या जुन्या टंकांना हे अक्षर माहीतच नाही, म्हणून तिथे एक रिकामा चौकोन उमटतो. म्हणजे ‘हे ॲप चालणार नाही’ हे वाक्य मराठीत लिहून त्या यंत्रावर दाखवले, तर त्यातले ‘ॲप’सुद्धा चालत नाही. ₹ या चिन्हाचेही तसेच. ते सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले, त्याच वर्षी युनिकोडात गेले, आणि जुन्या यंत्रांवर किमतीच्या आधी चौकोन उमटू लागला. नेमके पैशाच्या जागी रिकामे घर! आमची आर्थिक परिस्थिती आपल्याला कुणी सांगितली?

त्याआधीची गोष्ट जास्त जिव्हारी लागते. युनिकोड रुळण्यापूर्वी आमच्या लोकांनी श्रीलिपी, आकृती, आयएसएम या पॅकेजांत अमाप मजकूर टाइप केला. त्या फायलींत आत असतात रोमन अक्षरांच्याच जागा, वर देवनागरीचे कपडे. टंक गेला की कपडे गेले, आणि ‘सप्रेम नमस्कार’ऐवजी पडद्यावर उरतो कंसांचा, उद्गारचिन्हांचा आणि चित्रविचित्र खुणांचा ढीग. काही पॅकेजांना संगणकात खोचायचे हार्डवेअर-कुलूप लागे. ते कुलूप ज्या पोर्टात बसे तो पोर्ट गेला, नव्या विंडोजवर त्याचा ड्रायव्हर गेला. किल्ली हातात आहे, दारच नाही. दिल्लीतल्या मंडळांच्या गणेशोत्सवी स्मरणिकांचा, साहित्य संमेलनाच्या निमित्ताने निघालेल्या लेखांचा किती मजकूर असा पडून असेल, त्याचा अंदाजच केलेला बरा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन इथे तालकटोरा स्टेडियमवर भरले, तारा भवाळकर अध्यक्ष. दिल्लीत त्याआधीचे संमेलन १९५४ चे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखालचे. त्या १९५४ मधला छापील कागद कुणाच्या पेटीत असेल तर आज रात्रीसुद्धा वाचता येईल. १९९८ मध्ये फ्लॉपीवर ठेवलेला लेख वाचायचा तर आधी फ्लॉपीचा ड्राइव्ह शोधा, मग टंक, मग त्या टंकाची विंडोज, मग ती विंडोज चालेल असे यंत्र. आपल्या अखत्यारीत आल्यापासून मजकूर लवकर म्हातारा होऊ लागला. हे कर्तृत्व वाळवीलाही जमले नव्हते.

उलट जो लबाड आहे त्याला आपण काही म्हणत नाही. तीस हजारी न्यायालयाबाहेरच्या टायपिस्टाची कृतिदेव टंकातली हिंदी प्रतिज्ञापत्रे बघा. तीही आतून रोमनच, वरून देवनागरी. टंकाची फाइल टाकली की विंडोज ९८ वर चालतात, ७ वर चालतात, ११ वर चालतात. कारण आपल्या दृष्टीने ती इंग्रजीच असतात. वेष बदलून फिरणाऱ्याला सगळीकडे मुक्त प्रवेश, हा धडा आमच्या मुलांनी नीट गिरवावा म्हणतो.

मोबाइलवरही आपली शाखा आहे, हे सांगायला नको. १ जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सॲप अँड्रॉइडच्या ४.४ आवृत्तीवर बंद, पुढे आयओएस १५.१ च्या खालच्या आयफोनांवरही बंद. ज्या आजींना सुप्रभातचे फूल पाठवण्यापलीकडे फोनचा उपयोग नव्हता त्यांना आपण मोहमायेतून मुक्त केलेत. पुण्य लागेल.

तरी आपण अगदीच कठोर नाही. विंडोज १० वाल्यांना आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा-अपडेट देऊ केलीत. अट इतकीच: तीस डॉलर द्या, नाही तर कंपनीचे बक्षीस-गुण द्या, नाही तर आपल्या सेटिंग त्यांच्या ढगात ठेवायला द्या. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी डोळे वटारले, तेव्हा युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्यांना ही अट सैल करून वर्ष फुकट दिलेत. आम्हाला नाही. बरोबरच आहे. युरोपात थंडी असते, माणसे नाजूक असतात. इथे दिल्लीच्या हवेत जगणाऱ्याला कोणता व्हायरस काय करणार?

राहता राहिले सीलमपूर. यमुनेपलीकडच्या त्या गल्ल्यांत आपली मेहनत शेवटी फळाला येते. देशभरातले बाद संगणक तिथे येतात, हातोडीने फुटतात, पट्ट्या वेगळ्या होतात, वायरी तांब्यासाठी जळतात. वाचलेली रॅम आणि हार्डडिस्क धुऊनपुसून पुन्हा नेहरू प्लेसला पोचते, कारण तिथल्या कारागिराला वस्तू मेली की जिवंत आहे हे हाताने कळते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेला ई-कचऱ्याचा नवा नियम संगणक बनवणाऱ्यावर त्याच्या कचऱ्याची जबाबदारी टाकतो. संगणकाला म्हातारा ठरवणाऱ्यावर टाकत नाही. आपण किती दूरदृष्टीने बाजू निवडलीत! यंत्र विकणारा अडकला, डेथ सर्टिफिकेट देणारा मोकळा. त्याच यंत्रावर कुणी लिनक्स टाकले तर ते बिनतक्रार उठून बसते, ही चुगली मी करणार नाही.

तेव्हा मागणे मोठे नाही. नकाराच्या चौकटीत दोन ओळी वाढवाव्यात. पहिल्या ओळीत खरे सांगावे, की यंत्राला जमत नाही, की आपली मर्जी नाही. दुसरीत ‘बंद करा’च्या शेजारी आणखी एक बटण द्यावे: ‘माझ्या जबाबदारीवर चालू द्या.’ कंपनीने रजिस्ट्रीच्या आडमार्गाने जे सांगितले होते, तेच राजमार्गाने. चावडी बाजारातल्या मुनीमजींना जबाबदारी घ्यायची सवय आहे; तीन कार्बन प्रतींवर रोज सही करतात.

कळावे, लोभ असावा, नसल्यास निदान पूर्वकल्पना असावी, ही विनंती.

आपला आज्ञाधारक आणि पूर्णपणे अपात्र,
एक दिल्लीकर

ता. क.: सरफेस स्टुडिओतल्या त्या ७८२०एचक्यूला आमच्या इकडच्या सातव्या पिढीचे अनेक आशीर्वाद सांगावेत. ती आमच्याच वयाची आहे हे इथे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या कार्यालयात कुणी विचारलेच, तर आमची ओळख दाखवू नये. पोरीचे लग्न मोठ्या घरी झाले आहे, माहेरचा विषय निघायला नको.